सणाला गावच्या घरी: सक्ती नको, सवड हवी

यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात, शाओशिंग-निंगबोच्या बाजूला, चांद्र नववर्ष तोंडावर आले की गावच्या घरात एक जेवण असे मांडतात की त्याला घरातले कोणी हात लावत नाही. चौकोनी टेबलाभोवती खुर्च्या लावल्या जातात, वाट्या आणि चॉपस्टिक्स मांडल्या जातात, मासा, कोंबडी, डुकराचे मांस आणि भात येतो, छोट्या पेल्यांत तांदळाची दारू ओतली जाते आणि समोर मेणबत्त्या व उदबत्त्या लावतात. मग घरची मंडळी वयाच्या क्रमाने पुढे येऊन त्या रिकाम्या टेबलाला वाकून नमस्कार करतात. लहान मुलांना एकच ताकीद असते: खुर्चीला धक्का लावायचा नाही, कारण तिथे कोणीतरी बसलेले आहे. दारू तीनदा ओतून होते, कागदी नोटा जाळून होतात, पणजोबा-पणजींचे जेवण झाले असे धरले जाते, आणि तेच पदार्थ पुन्हा गरम होऊन घरच्यांच्या पुढ्यात येतात. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या मराठी वाचकाला यात काही परके वाटू नये. पितरांसाठी वेगळे दिवस चीनमध्येही आहेत. पण वर्षाच्या सर्वांत आनंदाच्या पंगतीतूनही त्यांना उठवलेले नाही, एवढा फरक.

हे दृश्य आधी सांगितले, कारण ज्या वादाबद्दल लिहायचे आहे त्यात नेमके तेच हरवलेले असते. वसंतोत्सव म्हणजे चांद्र नववर्ष, एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेला येणारा, पितरांची थडगी साफ करण्याचा छिंगमिंग, शरदातल्या पौर्णिमेचा चंद्रोत्सव, हे सण माणसाने ‘लाओजिआ’त म्हणजे मूळ गावच्या घरी जाऊन करावेत की पोटापाण्यासाठी जिथे राहतो तिथेच करावेत, हा प्रश्न चीनमध्ये दर वर्षी नव्याने निघतो. एक बाजू म्हणते की सण माणसांचा असतो, भिंतींचा नव्हे. आईवडिलांना शहरात बोलवा, हॉटेलात टेबल राखून ठेवा, झाला सण. दुसरी बाजू म्हणते की आजची पिढी मुळे विसरली, तिला वाकून नमस्कार करणे जड जाते, म्हणून ती येत नाही. पहिल्या बाजूला ती रिकामी खुर्ची दिसत नाही. आईवडिलांना रेल्वेत बसवून शेनझेनला आणता येते, पण खुर्चीत बसलेल्यांना आणता येत नाही. त्यांच्या नावाच्या लाकडी पट्ट्या गावच्या घरात आहेत आणि त्यांची थडगी गावामागच्या उतारावर. दुसऱ्या बाजूला न येणाऱ्याची रजा, त्याचे तिकीट, त्याची घरनोंदणी आणि पडायला आलेले घर यांपैकी काहीच दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे की घरी जाणे कर्तव्य म्हणून लादण्याचा अधिकार सरकारला नाही आणि कुळालाही नाही. मात्र ज्याला किंवा जिला जायचे आहे, त्यांना पुरेशी रजा, उभे असलेले घर आणि त्या घरात मानाची जागा मिळेल अशी व्यवस्था करणे हे सार्वजनिक काम आहे, आणि ते काम अर्धवट सोडून वर पुन्हा मातृपितृभक्तीचे धडे देणे हा दुटप्पीपणा आहे.

सरकारे आणि हे सण यांच्या नात्याचा इतिहास पाहिला तर उपदेश करणाऱ्यांचा अधिकार किती तोकडा आहे ते कळते. १ जानेवारी १९१२ रोजी प्रजासत्ताक आले, सौर कालगणना अधिकृत झाली आणि शतकानुशतकांचे नववर्ष एका रात्रीत ‘जुने’ ठरले. १९१४ मध्ये अध्यक्ष युआन शिकाईच्या सरकारने त्या दिवसाला ‘वसंतोत्सव’ म्हणून मान्यता देऊन तडजोड केली. आज प्राचीन वाटणारे हे नाव अशा सरकारी टिपणीतून रुळलेले आहे. १९२८ नंतर नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने जुन्या पंचांगावरच बंदी आणली आणि त्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्याचे हुकूम काढले. लोकांनी सण केलाच, आणि काही वर्षांत हुकूमच गळून पडला. जानेवारी १९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या भरात, वसंतोत्सवाची सुट्टीच रद्द झाली. त्या वर्षांत पितरांच्या पट्ट्या जाळल्या गेल्या, वंशावळीच्या पोथ्या लपवाव्या लागल्या, कुळांची सभागृहे गोदामे किंवा शाळा झाली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये याच वसंतोत्सवाची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली तेव्हा तो राष्ट्राचा अभिमान ठरला. ज्याला ‘सरंजामी अवशेष’ म्हणून हिणवले, तोच वारसा म्हणून मिरवण्यात वावगे काही नाही, माणसे चुका सुधारतात तशी सरकारेही सुधारोत. पण सण टिकला तो स्वयंपाकघरांत टिकला, कचेऱ्यांत नव्हे, एवढे भान तरी ठेवायला हरकत नव्हती.

आता प्रवासाकडे वळू. नववर्षाच्या आधीचे पंधरा आणि नंतरचे पंचवीस अशा चाळीस दिवसांच्या गर्दीला ‘चुनयुन’ म्हणतात. महासाथीच्या आधी, २०१९ मध्ये, रेल्वे, बस, विमान आणि जहाज मिळून या काळात सुमारे २९८ कोटी फेऱ्या नोंदल्या गेल्या. स्वतःच्या मोटारीने केलेले प्रवासही धरू लागल्यापासून २०२५ मध्ये हा आकडा ९०० कोटींच्या घरात गेला. असे आकडे वाचून डोळे दिपतात आणि माणूस दिसेनासा होतो, म्हणून मला त्यापेक्षा राष्ट्रीय महामार्ग ३२१ आठवणे बरे वाटते. पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कारखान्यांत काम करणारे ग्वांगशी आणि ग्वेइझोऊकडचे मजूर या रस्त्याने दर वर्षी मोटारसायकलींवरून घरी निघत. रेल्वेचे तिकीट मिळत नसे, बसचे परवडत नसे. पुढे नवरा, मागे बायको, दोघांच्या मधे मूल, मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची फुगलेली पिशवी, वाऱ्यापासून बचाव म्हणून गुडघ्यांवर बांधलेला पुठ्ठा आणि अंगावर स्वस्त प्लास्टिकचा रेनकोट, अशा शेकडो किलोमीटरच्या रांगा झाओछिंग-वूझोऊच्या बाजूने डोंगर चढत. वाटेतल्या पेट्रोल पंपांवर गरम पेज आणि आल्याचा चहा मिळे, घाटात पोलिसांची गाडी पुढे राहून ताफा नेई. डिसेंबर २०१४ मध्ये ग्वांगझूहून ग्वेइयांग आणि नाननिंगकडे जाणाऱ्या जलदगती रेल्वे सुरू झाल्या आणि ही रांग वर्षागणिक विरळ झाली. मुळांविषयीच्या प्रेमावर व्याख्यान देण्यापेक्षा एक रेल्वेमार्ग अधिक उपयोगी पडतो, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

परंतु इतके हाल सोसून माणसे जात होती ती निव्वळ ओढीने, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. १९५८ च्या कायद्याने पक्की झालेली ‘हूकोऊ’ म्हणजे घरनोंदणीची पद्धत माणसाला जन्मगावाशी बांधते. गावची नोंदणी असलेला मजूर शांघायमध्ये वीस वर्षे इमारती बांधत राहील, पण त्याच्या मुलाला तिथल्या सरकारी शाळेत सहज प्रवेश मिळणार नाही आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा बहुधा गावच्या प्रांतात जाऊनच द्यावी लागेल. २०१४ नंतर लहान आणि मध्यम शहरांत हे नियम बरेच सैल झाले; बीजिंग-शांघायसारख्या महानगरांत दार अजून अरुंदच आहे. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याशी या मजुराची तुलना करण्याचा मोह मराठी माणसाला होतो, आणि एसटीच्या गर्दीपुरती ती जमतेही. पण चाकरमान्याचा मुलगा मुंबईत महापालिकेच्या शाळेत बसतो आणि तो स्वतः मुंबईत मत देतो. चिनी मजुराचे मूल अनेकदा गावीच आजी-आजोबांपाशी वाढते. २०१६ मध्ये चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने मागे राहिलेल्या ग्रामीण मुलांची गणना केली तेव्हा, आई आणि वडील दोघेही दूर असलेली किंवा एक दूर आणि दुसरा सांभाळायला असमर्थ असलेली अशी ९० लाखांहून अधिक मुले निघाली. अशा घरात नववर्ष हा परंपरेचा उत्सव नंतर असतो, आधी असतो तो आईबाप बघायला मिळण्याचा वर्षातला एकमेव आठवडा. म्हणून शहरातच सण करा असा सल्ला जेव्हा शहरात पक्की नोंदणी असलेला माणूस देतो तेव्हा मला तो उद्धट वाटतो. ज्याला शहराने आपले म्हटलेलेच नाही, त्याने शहरात कोणाच्या अंगणात सण करायचा?

२०२१ च्या सुरुवातीला साथीमुळे ‘आहात तिथेच नववर्ष करा’ अशी मोहीम निघाली, थांबणाऱ्या मजुरांना अनेक ठिकाणी रोख रक्कम आणि भेटी दिल्या गेल्या, आणि त्या वर्षी चुनयुनच्या फेऱ्या सुमारे ८७ कोटींपर्यंत खाली आल्या. साथीत ते योग्यच होते. नंतर मात्र काही जणांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की गावी जाणे ही जुनी सवय आहे आणि थोड्या पैशांत ती सुटू शकते. पुढच्या वर्षांतल्या गर्दीने त्यांना उत्तर दिले आहे.

उलट टोकाचे उदाहरण २०१३ चे. ज्येष्ठांच्या हक्कांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वेगळे राहणाऱ्या कुटुंबीयांनी वृद्धांना ‘वारंवार भेटावे किंवा त्यांची विचारपूस करावी’ असे कलम आले आणि १ जुलै २०१३ रोजी ते लागू झाले. त्याच दिवशी जिआंगसू प्रांतातल्या वूशी शहरातील न्यायालयाने ७७ वर्षांच्या एका आईच्या दाव्यात मुलीला हुकूम दिला की दोन महिन्यांतून किमान एकदा, आणि सणांच्या सुट्ट्यांतही, आईला भेटायला जावे. त्या आईच्या एकटेपणाची थट्टा करण्याचे धाडस मी करणार नाही. पण हुकुमावर आलेली मुलगी दारात उभी राहिल्यावर त्या घरात काय बोलणे होत असेल, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला असावा असे वाटत नाही. भेट ही देण्याची गोष्ट आहे. वसूल केलेली भेट म्हणजे हजेरी. आणि खरी गंमत अशी की त्याच कलमाच्या पुढे मालकांनी नियमाप्रमाणे कर्मचाऱ्यांची घरी जाण्याची रजा राखावी असेही लिहिलेले आहे, ज्याची चर्चा कोणी केली नाही. हा नियम १९८१ चा आहे. त्यानुसार आईवडिलांपासून दूर असलेल्या अविवाहित कर्मचाऱ्याला वर्षातून वीस दिवस आणि विवाहिताला चार वर्षांतून एकदा वीस दिवस भेटीची रजा मिळते. तो लिहिला गेला सरकारी कचेऱ्या आणि सरकारी उद्योगांसाठी, कारण तेव्हा नोकरी म्हणजे सरकारी नोकरीच होती. आज दूरगावी जाऊन राबणारा बहुसंख्य कामगार खासगी कारखान्यात, बांधकामावर किंवा डिलिव्हरीच्या स्कूटरवर आहे, आणि त्याच्यापर्यंत हा नियम पोचतच नाही. मुलीला न्यायालयात ओढण्याआधी हा जुना नियम तिच्या मालकाला लागू करता आला असता.

रजेचा प्रश्न मी मुद्दाम ताणतो आहे, कारण सगळा वाद शेवटी तिथे येऊन ठेपतो. २००८ पासून छिंगमिंग, ड्रॅगन नौकांचा तुआनवू आणि चंद्रोत्सव यांना प्रत्येकी एक दिवसाची राष्ट्रीय सुट्टी मिळाली, त्यासाठी मे महिन्यातली मोठी सुट्टी कापली गेली. कागदावर ही परंपरेची पुनःस्थापना होती. व्यवहारात एक दिवसात शेनझेनहून ग्वेइझोऊच्या डोंगरातल्या थडग्यापर्यंत जाऊन, गवत काढून, फळे-दारू ठेवून, परत मशीनवर येणे शक्य नाही. मग सुट्टी लांबवण्यासाठी शेजारच्या रविवारी काम करून घेण्याची पद्धत निघाली, जिला लोक दर वर्षी शिव्या घालतात आणि सरकार दर वर्षी चालू ठेवते. १ जानेवारी २०२५ पासून नववर्षाच्या आदल्या दिवसाची, म्हणजे घरच्या मोठ्या जेवणाच्या दिवसाची, सुट्टी कायद्यात आली आणि राष्ट्रीय सुट्ट्या ११ वरून १३ झाल्या, हे चांगलेच झाले. तरीही सर्वांना एकाच आठवड्यात सुट्टी देऊन मग गर्दीचे कौतुक करण्यापेक्षा, ज्याला ज्या सणाला जायचे त्याने त्या सणाला घ्यावी अशी आठ-दहा दिवसांची पगारी भेट-रजा खासगी नोकरीतही असावी, ही मागणी साधी आहे. पगारी वार्षिक रजा कायद्याने आहे, पण दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेल्याला ती पाच दिवसांची. त्यातले दोन प्रवासात गेले की उरते काय?

इतका वेळ ‘गावचे घर’ असे म्हणताना कोणाचे घर हे मी सांगितले नाही, आणि परंपरेचे कैवारीही ते सहसा सांगत नाहीत. परंपरेने लाओजिआ हे पुरुषाचे असते. लग्न झालेल्या मुलीने आदल्या रात्रीचे जेवण सासरी करायचे. शानतोंगसह उत्तरेच्या अनेक भागांत ती त्या रात्री माहेरी थांबली तर माहेरची बरकत जाते असे मानत. माहेरी जायचा दिवस ठरलेला आहे: नववर्षाची दुसरी तारीख, नवरा आणि भेटवस्तू घेऊन. माहेर-सासर हे शब्द ज्या भाषेत ओव्यांपासून भाऊबीजेपर्यंत सगळीकडे भरून राहिलेले आहेत, त्या भाषेत हे वाचताना वेगळे भाष्य करायची गरज नाही. पण चीनमध्ये १९८० ते २०१५ या काळातल्या एक-मूल धोरणाने या जुन्या नियमाला अशा पेचात पकडले, की तो आता गप्प राहू शकत नाही. नवराही एकुलता, बायकोही एकुलती. तिने सासरी जायचे म्हणजे हेनानमधल्या एका घरात तिचे आईवडील दोघेच जेवणाच्या टेबलाशी बसणार, दर वर्षी, मरेपर्यंत. एक वर्ष इकडे आणि एक वर्ष तिकडे असा तोडगा पुष्कळ जोडप्यांनी काढला आहे, आणि त्यावरून दर वर्षी भांडणेही होतात. मला त्या भांडणांत काही वाईट दिसत नाही. ज्या सणाने मुलीच्या आईवडिलांना एकटे ठेवून मुलाच्या आईवडिलांचे घर भरले, त्याला ‘तुआनयुआन’, म्हणजे सर्वांचे एकत्र येणे, हे नाव शोभत नव्हते.

कुळांनाही हे हळूहळू समजते आहे. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ २००९ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात पहिल्यांदा मुलींची नावे आली आणि एकूण नोंदी वीस लाखांवर गेल्या. अडीच हजार वर्षे जपलेल्या वंशवृक्षाला अर्धी फांदी उशिरा सुचली, असे म्हणून सोडून देता आले असते. पण नाव वंशावळीत येणे आणि वाटा हातात येणे यांत अंतर आहे. ग्वांगडोंगमध्ये गावाबाहेर लग्न केलेल्या मुलींना गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून वगळले जाते आणि त्यावरून अनेक वर्षे खटले चालत आले आहेत. १ मे २०२५ रोजी लागू झालेल्या ग्रामीण सामूहिक संस्थांच्या कायद्याने लग्न, घटस्फोट किंवा वैधव्य या कारणांवरून स्त्रीचा हक्क डावलू नये असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या गावात मुलीला हिस्सा नाही, त्या गावातल्या घरी तिने ओढीने यावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? सणाच्या टेबलाशी तिची खुर्ची पक्की करायची असेल तर सुरुवात गावच्या हिशेबवहीपासून करावी लागेल.

शेवटी घर. इथे नियम असा आहे की गावची घरजागा सामूहिक मालकीची, एका कुटुंबाला एकच, आणि शहराची नोंदणी असलेल्याला ती विकत घेता येत नाही. शिकून शहराची नोंदणी मिळवलेल्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांचे गावचे घर वारसाने मिळते, आणि त्याबरोबर खालच्या जागेचा वापरहक्कही मिळतो; २०२० मध्ये नैसर्गिक संसाधन मंत्रालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. पण घर आहे तोवरच हक्क. पडझड होऊन ते भुईसपाट झाले तर त्या वारसाला तिथे पुन्हा बांधता येत नाही आणि जागा गावाकडे परत जाते. मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेले घर, वर्षात पन्नास आठवडे बंद, पावसाचा प्रदेश: किती वर्षे टिकेल? शहरातल्या पैसेवाल्यांनी गावच्या जमिनी गिळू नयेत म्हणून नियम केला, तो हेतू मला मान्य आहे. मात्र विकत घेणारा परका आणि जन्मघर सावरू पाहणारा वारस यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. जुन्या पायावर, जुन्याच आकाराचे, न विकण्याच्या अटीवर घर बांधू द्यायला काय हरकत असावी हे मला कळलेले नाही. ती परवानगी नाही तोवर वारशाच्या घोषणा करणारा हात आणि वारशाचे छप्पर पडू देणारा हात एकाच शरीराचे आहेत, असे म्हणावे लागते.

थडग्यांची कथा याहून कडवट आहे. २०१२ मध्ये हेनान प्रांतातल्या झोऊकोऊ येथे शेतजमीन मोकळी करण्यासाठी थडगी सपाट करण्याची मोहीम निघाली आणि काही महिन्यांत वीस लाखांहून अधिक उंचवटे नांगराखाली गेले. देशभर संताप झाला. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने अंत्यविधींच्या नियमावलीतले बळाने अंमलबजावणी करण्याचे शब्द वगळले. मग २०१३ चा वसंतोत्सव आला, कामाला गेलेली माणसे दक्षिणेकडच्या कारखान्यांतून गावी परतली, आणि फावडी घेऊन शेतात गेली. मोठ्या संख्येने उंचवटे पुन्हा उभे राहिले. कोणी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. सुट्टीत घरी आलेल्या माणसांनी आपापल्या आजोबांवर माती ओढली. जमिनीची टंचाई खरी आहे, दहनाचे धोरणही अवाजवी नाही, आणि पुढच्या पिढ्यांनी वेगळा मार्ग काढला तर चांगलेच. पण नांगर फिरवण्याआधी विचारायला हवे होते. थडग्यासमोर उभे राहण्याचे मोल सरकारला कळत नाही असेही नाही. छिंगमिंगला शाळेतल्या मुलांना हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेतात. शिजियाझुआंगमध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर फुले वाहिली जातात. १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी चीनमध्येच वारलेल्या, तिथे ज्याचे कूळ नव्हते अशा मराठी डॉक्टरला जर हा मान मिळतो, आणि मिळावाच, तर हेनानच्या शेतकऱ्याच्या बापाचे थडगे निरुपयोगी जमीन कसे ठरते?

सण बरोबर नेता येतो, हे मला नाकारायचे नाही. चिनी माणसाने तो जगभर नेला. मुंबईत माझगावला नवाब टँकजवळ सी यप कून नावाचे छोटे चिनी देऊळ आहे, १९१९ मधले, वर ग्वान गोंग या युद्धदेवतेची मूर्ती असलेले, आणि चांद्र नववर्षाला तिथे आजही मंडळी जमतात. ‘सी यप’ म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके, ताइशान, काइपिंग, एनपिंग आणि शिनहुई. तिथले खलाशी आणि कारागीर या बंदरात आले आणि त्यांनी देवळाला गावाचे नाव दिले. त्याच चार तालुक्यांत, काइपिंगला, परदेशातून आलेल्या पैशांवर बांधलेले बुरूजवजा घरांचे १,८३३ मनोरे आज उभे आहेत, त्यांतले निवडक २००७ पासून जागतिक वारशाच्या यादीत, आणि बरेच कुलूपबंद. म्हणजे माझगावला देऊळ बांधणाऱ्यांच्या भाऊबंदांनी पैसा गावाकडे पाठवून तिथेही घर बांधले, परतण्यासाठी. पुष्कळांना परतता आले नाही: युद्धे झाली, राज्ये बदलली, आणि १९६२ नंतर भारतातल्या चिनी कुटुंबांपैकी सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले गेले. माझगावचे देऊळ पाहून ‘बघा, सण कुठेही होतो’ असे म्हणणाऱ्याने देवळाच्या नावाकडेही एकदा पाहावे.

आजकाल आईवडीलच शहरात येऊन नववर्ष करतात, त्याला ‘उलटे चुनयुन’ म्हणतात. तिकीटही सोपे पडते. काही तरुण तर नातेवाइकांशी संबंधच नको म्हणतात, पगार किती आणि लग्न कधी या प्रश्नांना कंटाळून, आणि त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्यांना गावी न जाण्याचा पूर्ण हक्क असावा. पण उतारावरच्या गावांत जी घरे बंद आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींवर गेल्या नववर्षाला चिकटवलेल्या लाल कागदाच्या ओळी अजून असतात, उन्हाने फिकट गुलाबी झालेल्या. ज्या घरी मृत्यू झाला तिथे लाल लावत नाहीत. काही भागांत पहिल्या वर्षी पांढरा, पुढे हिरवा, आणि तीन वर्षांनी पुन्हा लाल. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला दाराच्या रंगावरून कळते की कोण गेले, कोण आले होते, आणि कोण किती वर्षांत आलेले नाही. आदल्या दिवशी दुपारी बसमधून उतरलेले कोणीतरी पिठाची खळ करून, जुना कागद नखाने खरवडून, नवा लावते. चौकट अजून उभी आहे तोवर.